डब्याआधीची दहा मिनिटं

विश्रांतवाडीच्या एका कारखान्यात मी तेव्हा नऊ वर्षं शर्टांना कॉलर जोडत होते. शर्ट परदेशात जायचे. तिथल्या किमतीची चिठ्ठीसुद्धा आमच्याच पॅकिंगच्या बायका लावायच्या. त्या आकड्याकडे फार वेळ बघायचं नाही, असा न बोलता ठरलेला नियम होता.

कामाची पद्धत अशी. दहा शर्टांचा एक गठ्ठा, त्याला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आपला मशीन नंबर लिहायचा, गठ्ठा सोडला ती वेळ आणि बांधला ती वेळ. दहा कॉलरना बारा मिनिटं, हे टार्गेट. दिवसाचं टार्गेट राहिलं, तर सुट्टीनंतर बसून पुरं करायचं. त्या बसण्याचा पगार नाही. म्हणजे आमचा खरा पगार त्या बारा मिनिटांतच ठरायचा.

एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी लाइन थांबवली आणि सांगितलं, "बाहेरच्या कंपनीने भाव पाडलाय. बाराचे नऊ करावे लागतील. हेड ऑफिसचे सर सोमवारी घड्याळ घेऊन येतील, मोजतील, मग ठरेल." मोजण्याआधीच नऊ ठरले होते, हे कळायला शिक्षण लागत नव्हतं.

तोपर्यंत आम्ही दोन महिने जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जमत होतो. मागण्यांचं पत्र तयार होतं: जादा वेळेचे पैसे कायद्याप्रमाणे द्या, टार्गेट वाढवू नका. अक्षर माझं होतं, कारण अकरावी झालेली मी एकटीच. पण पुढारीपण आपांकडे होतं. आपा भवानी पेठेतल्या, पन्नाशी उलटलेल्या. वडील शिंपी, भाऊ शिंपी. माझ्या शेजारच्या मशीनवर त्याही कॉलरच जोडायच्या.

"पत्र ठेव बाजूला," आपा म्हणाल्या. "आधी घड्याळ येतंय. नऊ मिनिटं एकदा कागदावर चढली, की तुझ्या पत्राची पुंगळी करून कान कोरत बस."

मग त्यांनी आम्हाला हळू शिवायला शिकवलं. ते वाटतं तितकं सोपं नाही. मुद्दाम रेंगाळलं की लगेच दिसतं. आपांचं म्हणणं, हात थांबवायचा नाही, हाताला काम द्यायचं. खाचा दोनदा जुळवा. मशीनचा पाय उचलून कापड पुन्हा बसवा. दर कॉलरचा दोरा तिथल्या तिथे कापा.

"आपा, एवढं नीट शिवलं तर चेकिंगवाली चक्कर येऊन पडेल," काजं करणारी म्हणाली.

"पडू दे. तिलाही जरा विश्रांती."

सोमवारी सर आले. तरुण, नम्र. "ताई, नेहमीसारखंच काम करा हं," म्हणाले आणि आमच्या मागे उभे राहिले. आपांचा गठ्ठा तेरा मिनिटांत झाला, माझा साडेतेरा. कॉलर जोडणाऱ्या बाकीच्या दोघींनीही पाठ चोख म्हटला. मॅनेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बारा वाजून वीस मिनिटांनी सरांनी घड्याळ खिशात टाकलं, आभार मानले आणि चहा मागवला.

साडेबाराला जेवणाची सुट्टी. सुटलेला गठ्ठा टेबलावर तसाच ठेवून उठायचं नाही, हा कारखान्याचा नियम. बांधायचा, वेळ लिहायची, मगच डबा उचलायचा. जिला उशीर होईल तिचा जेवणाचा अर्धा तास तेवढा कापला जायचा. त्यामुळे डब्याआधीची दहा मिनिटं आमची लाइन रोज पळायची. वर्षानुवर्षं. कुणी सांगावं लागत नव्हतं.

मी नुकताच नवा गठ्ठा सोडला होता. संपवला, वेळ लिहिली, बांधला, गठ्ठ्यांच्या ढकलगाडीत टाकला आणि गच्चीवर गेले. त्या दिवशी डब्यात काय होतं, तेही आता आठवत नाही.

आपा जरा उशिरा वर आल्या. त्यांनी शेवटचा गठ्ठाही तेरा मिनिटांतच केला होता.

"लवकर आलीस?"

"भूक लागली होती."

त्यांनी डबा उघडलाच नाही. "खाली तो घड्याळवाला चहा पीत बसलाय," त्या म्हणाल्या. "गाडीजवळ. चिठ्ठ्या वाचतोय."

माझ्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सोडला बारा वीस, बांधला बारा अठ्ठावीस. आठ मिनिटं.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर नऊ लागले. आम्ही पत्र दिलं, उत्तर आलं नाही, म्हणून सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो. आपा, मी आणि काजंवाली. मॅनेजरसाहेबांनी फाइलमधून एकच चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

अधिकाऱ्यांनी ती वाचली. "मशीन नंबर सतरा कोण?"

"मी."

"मग जमतं की तुम्हाला."

"जमतं," मी म्हणाले. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची सवय. "पण साहेब, ती डब्याआधीची दहा मिनिटं होती. दिवसभर तसं..."

ते लिहायला लागले होते.

आपा पुढे सरकल्या. "साहेब, बस सुटत असेल तर आपणही पळता. म्हणून रोज घरापासून कचेरीपर्यंत पळत येता का?"

साहेब हसले. मॅनेजरही हसले. कागदावर मात्र पहिलाच शब्द राहिला, जमतं. जादा वेळेबद्दल व्यवस्थापनाने विचार करावा, असं एक वाक्य आम्हाला मिळालं. त्यांनी अजून विचार केला असेल असं वाटत नाही.

बसथांब्यावर मी म्हणाले, "आपा, माझं चुकलं."

"हात चांगला आहे तुझा. मीच सगळ्यांना सांगत होते." त्यांनी पदर सारखा केला. "आता त्यांनाही कळलं."

मला नऊ मिनिटं जमायची, मानेची वाट लागायची पण जमायची. आपांना जमेना. दोन महिने त्या सुट्टीनंतर तासभर बसून टार्गेट पुरं करत राहिल्या. मग त्यांना मशीनवरून उठवून दोरे कापायला बसवलं, हेल्परच्या पगारावर. चाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईच्या हातात फक्त कात्री. पत्रावर सह्या केलेल्या निम्म्या बायकांनी, घरून विरोध आहे म्हणत, सह्या मागे घेतल्या. त्यांना मी दोष देत नाही.

डब्याआधी आता कुणी पळत नाही. दिवसभर तोच वेग असतो, वेगळं पळायला उरत नाही. पूर्वी माझ्या कॉलरचे दोरे मी स्वतः कापायचे. नऊ मिनिटांत तेवढी फुरसत नसते. ते तसेच लोंबत पुढे जातात, आपांच्या टेबलावर.