परातीतली पिठी

आमच्या सोसायटीत कुणाची वस्तू खराब निघाली की लोक माझ्याकडे येतात. तापट म्हातारा म्हणून मी बदनाम आहे खरा, पण तक्रार लिहावी तर यांनीच, असंही माझ्या पाठीमागे म्हणतात. जन्मभर ऑफिसात लोकांच्या अर्जांवर शेरे मारले, त्यामुळे नेमकं कुठे बोट ठेवलं की समोरचा हलतो ते मला कळतं. बायको म्हणते, "यांना जेवण नसलं तरी चालतं, भांडण मात्र रोज ताजं लागतं."

ही बायको गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता डेंग्यूने आडवी झाली. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. खिचडी, मऊ भात, सूप, काहीही समोर नेलं की ती मान फिरवायची. फोडणीच्या वासानेही तिला उमासे यायचे. शहाळ्याचे दोन घोट, की झालं जेवण. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "काय वाटेल ते द्या, पण उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करावं लागेल." हॉस्पिटलचं नाव ऐकून ती भिंतीकडे तोंड करून रडली. तिची आई हॉस्पिटलात गेली ती परत आलीच नव्हती. मी नेहमीच्या आवाजात "रडायला काय झालं?" म्हणून ओरडलो, पण आतून पार घाबरलो होतो.

त्या दुपारी ती डोळे मिटूनच म्हणाली, "माका पिठी व्हयी. कुळथाची."

ती मालवणकडची. मी घाटावरचा. लग्नानंतर ती माझ्यासारखंच बोलायला लागली होती, आजारपणात मात्र तिच्या तोंडी माहेर परत आलं, आईची पुन्हा आवस झाली. कुळथाच्या पिठाची ही पातळ आमटी ती एरवी स्वतःपुरती करायची, आणि मी नाक मुरडायचो. आता मीच गॅससमोर उभा राहिलो. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं आणि त्याच्या अशा गुठळ्या झाल्या की डाव फिरेना. तिने वाटीत एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्या काय?" मग परत डोळे मिटून घेतले.

बंगळुरूच्या लेकीला फोन केला. तिने ॲपवर शोधून सांगितलं की साकीनाक्याला एक मालवणी बाई घरीच जेवण करून विकते, तिच्याकडे पिठी-भात मिळतो, सोबत सुक्या जवळ्याची चटणी. मी लगेच मागवला. आमच्या दिंडोशीपर्यंत यायला असा कितीसा वेळ लागणार! पण नकाशावरची ती चिमुकली मोटारसायकल एकेका सिग्नलला इतकी रेंगाळत होती की मी तिच्यावरही खेकसलो.

बेल वाजली. दार उघडेपर्यंत माणूस लिफ्टने खाली गेलेला, पिशवी कडीला अडकवलेली. पिशवी हातात घेतली आणि खालून ऊन ऊन काहीतरी माझ्या पायावर ठिबकलं. पिठीच्या डब्याचं झाकण निखळलं होतं. पिठी भाताच्या डब्यात शिरली होती, उरलेली पिशवीत साचली होती, आणि जवळ्याची चटणी सगळ्यात मिसळून गेली होती. मी परात घेतली आणि सगळं तिच्यात ओतलं. तपकिरी रंगाचा नुसता गिचका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने मागून मागून एक गोष्ट मागितली होती, आणि तिचीही ही वाट लागली.

परात जेवणाच्या टेबलावर ठेवून मी ॲपवर तक्रार ठोकली. फोटो मागितला, तो पाठवला. अस्पष्ट आहे म्हणून परत आला. घाईत काढलेला, दुसरं काय होणार? मग सूचना आली की पदार्थ आणि फुटलेला डबा दोन्ही एकत्र दिसू द्या. डबे मी रागाच्या भरात कचऱ्यात टाकले होते. स्वयंपाकघरात जाऊन केराच्या बादलीतून ते शोधून काढले आणि पुसले. इतक्यात ॲपवाल्यांकडून एका मुलीचा फोन आला. मी तिला बोलूच दिलं नाही. घरात आजारी माणूस आहे, तुम्हाला अन्नाची किंमत आहे की नाही, वरपर्यंत जाईन, सगळं ऐकवलं. ती बिचारी "हो सर, सॉरी सर" म्हणत राहिली. "फक्त एक स्पष्ट फोटो पाठवा सर, मी लगेच पैसे परत करते."

फोन कानाला लावून, डबा हातात घेऊन मी बाहेर आलो.

बायको टेबलाशी बसली होती. पलंगापासून तिथवर भिंत धरत धरत आली असणार. गाऊनच्या बाह्या वर सारलेल्या, आणि उजवा हात परातीत. एक घास तोंडात होता आणि बोटं दुसरा गोळा करत होती.

"अगं, ते सांडलेलं आहे!" मी ओरडलो.

"सांडला खय? कालवलेला आसा," ती म्हणाली. "आजारी पडलंय की माझी आवस अशीच कालवून देय." मग बोट चाटून म्हणाली, "मीठ बरोबर हा."

तिने भाताचं शीत हनुवटीवरून पुसलं, कोकमाची साल चोखून बाजूला ठेवली आणि पुन्हा घास घेतला. घास हळूहळू चावत होती, पण चावत होती. उमासा येईल म्हणून मी श्वास धरून बघत होतो. आला नाही.

"सर? फोटो पाठवताय ना?" कानात आवाज आला.

"कसला फोटो? ती खातेय ते."

"म्हणजे... खराब झालेला पदार्थ घरच्यांनी खाल्ला का सर? तसं असेल तर रिफंड देता येणार नाही. नियम आहे."

एरवी त्या नियमाची मी चिरफाड केली असती. पण आता मी भिंतीकडे वळलो आणि डोळे पुसले.

"सर, तुम्ही ठीक आहात ना? सर?"

"हो," मी कसंबसं म्हणालो. "लिहून घ्या बाळा. खाल्लं. माझ्या बायकोने खाल्लं."