कूलरला उलटा हात

कूलरच्या धंद्यातले किस्से खसाच्या ताट्यांसारखे असतात. दर उन्हाळ्यात वाटतं, जुने फेकून द्यावेत; पण वास काही जात नाही!

सत्तर सालानंतरची गोष्ट. इतवारीच्या बाजारात माझं पत्र्याचं दुकान, शिक्षण सातवी. स्वतःचे कूलर बनवून विकायचे, हे डोक्यात बसलं. पण पाणी आणि करंट एकाच डब्यात! आपल्या कूलरला चिकटून कोणाचं लेकरू जायला नको, ही धास्ती पहिल्या दिवसापासून. म्हणून पार्टनरही असेच धास्तावलेले हवे होते.

*

पहिला आला तो सायन्स ग्रॅज्युएट. म्हटलं, ‘शॉक लागला तर?’

‘शेठजी, आपण कोणाच्या बापाले भेत नाही!’

त्याला चहा पाजला, पान दिलं आणि रिक्षात बसवून दिलं.

*

दुसरा देवीदास, कामठीचा पत्र्याचा कारागीर. विचारलं, ‘कशाकशाचं भेव वाटते गा?’

बोटं मोजत म्हणाला, ‘कुत्रं, करंट अन् सासरा.’

जागेवर पार्टनर केला!

*

पहिला कूलर आम्ही दोघांनीच जोडला. भर मे महिन्यात दुकानामागच्या शेडमध्ये चालू केला. देवीदासनं कौतुकानं पत्र्याला हात लावला आणि किंचाळून थेट दारापर्यंत उडाला. त्याच्या मागे मी! बाहेर आल्यावर लक्षात आलं, बटन आत, कूलरच्या बाजूलाच.

‘जा गा, बंद करून ये.’

‘मोठे पार्टनर तुमी, तुमीच जा!’

लाइट जाईपर्यंत दोन तास उन्हात उभे होतो. आत शेड थंडगार!

*

मग शोधला रामटेके. रेल्वेत इलेक्ट्रिशियन. त्यानं पाच फुटांवरूनच कूलर पाहिला. ‘अर्थिंगची तार काहून नाही लावली?’

‘अर्थिंग म्हंजे?’ देवीदासनं मलाच विचारलं.

त्यानं तार जोडली आणि शिकवलं, ‘कधीबी उलटा हात लावायचा. तळहात लावला तं मूठ आवळते, मंग सुटत नाही.’

इतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, हाच! ‘आमचे पार्टनर व्हाल का?’

‘पक्की नोकरी हाय, दोन पोरी हायेत. मी आपला रविवारी येत जाईन.’

दर रविवारी मी विचारायचो, दर रविवारी तो हेच सांगायचा.

*

आणि पहिली ऑर्डर आली ती बाळंतिणींच्या दवाखान्याची! देवीदासचं जेवण सुटलं. मला उठता-बसता पाळणेच दिसायला लागले.

रविवारी माझ्या घरच्या वऱ्हांड्यात कूलर चालू केला. फरशी मुद्दाम ओली केली. आता अनवाणी उभं राहून हात कोण लावणार?

‘तार तुमी जोडली, तुमी लावा,’ देवीदास रामटेकेला म्हणाला.

‘पत्रा तं तू ठोकला!’

‘ऑर्डर शेठजीनं घेतली!’

तिघांचे उलटे हात हवेत. पुढे कोणीच जाईना.

तेवढ्यात बायको झाडू घेऊन बाहेर आली. अनवाणी.

‘काय पाणी करून ठेवलं जी! सरका!’ म्हणत तिनं दोन्ही तळहातांनी कूलर धरला आणि ढकलून भिंतीला लावला.

‘वहिनी, चालू हाय तो!’ रामटेके ओरडला.

‘मंग? हवा तं मस्त येऊन राहिली.’

रामटेके ओल्या फरशीवरच खाली बसला. तिथूनच म्हणाला,

‘उद्या रेल्वेत राजीनामा देतो, शेठजी. तुमा दोघांच्या भरोशावर हे सोडता येत नाही.’