कोपराच्या मापाचा ओटा

आमच्या जळगावच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा माझ्या आईच्या कोपराच्या मापाचा होता. आमच्याकडचे जुने मिस्त्री ओटा बांधायच्या आधी घरातल्या बाईला भिंतीशी उभी करतात, कोपर वाकवायला लावतात आणि त्याच्या चार बोटं खाली रेघ मारतात. आई सावद्याकडची, अंगाने चांगली उंच. तिच्या रेघेवर कडप्पा बसला आणि पुढे धुळ्याहून माझी बायको लग्न होऊन आली, ती ठेंगणी. तिच्या रुखवतात पितळी फुल्यांचा सागवानी पाट आला होता, जावयाने त्यावर जेवायला बसावं म्हणून. मी त्यावर चारेक वेळा बसलो असेन. बाकी अठ्ठावीस वर्षं ती त्या पाटावर उभी राहून भाकरी थापत होती. सुरुवातीलाच एकदा हात भरून येतात म्हणून तिने तक्रार केली, तेव्हा मी पाटाला खालून ठोकळे ठोकून तो वीतभर उंच केला. ओटा उतरवावा हे डोक्यातच आलं नाही. उलट मोठा शोध लावल्यासारखा मी शाळेत सांगत सुटलो. मी विज्ञान शिकवायचो, हेही सांगून टाकतो.

मागच्या वर्षी ती त्या पाटावरून घसरली. शेवभाजीची कढई नशिबाने ओट्यावरच राहिली, पण घोटा असा मुरगळला की दोन महिने ती भिंत धरून चालत होती. अजूनही संध्याकाळी तो सुजतो. तेव्हा तिने लग्नानंतर पहिल्यांदा घराच्या बाबतीत काही मागितलं.

"मला नवं काहीच नको," ती म्हणाली. "मला जमिनीवर उभं राहून स्वयंपाक करायचाय. ओटा माझ्या मापाचा करा, एवढंच."

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! निवृत्तीनंतर कुणाला भजनं लागतात, कुणाला सकाळचं फिरणं लागतं. मला पर्यावरण लागलं होतं. ओटा उतरवायचाच आहे तर अख्खं स्वयंपाकघर पर्यावरणाला धरून करू, असं मी जाहीर केलं. सिमेंट नको, प्लायवूड नको, नवा दगड नको. भिंतींना चुन्याचा गिलावा, तोही गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून. कपाटांना पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या भुशाचे बोर्ड. खिडकीला केळीच्या खोडाच्या सोपटाच्या धाग्याचा पडदा. जुना कडप्पा घासून परत तोच. कॉलनीत कुणी दूध आणायला निघालं की मी फाटकात उभा राहून त्याला चुन्याची भिंत कशी श्वास घेते ते समजावत असे. महिन्याभरात लोक पलीकडच्या गल्लीने दूध आणायला जायला लागले. बायको हे सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, "आणि ओटा?" मी म्हणायचो, "तो तर होईलच गं."

काम सुरू झालं त्याच आठवड्यात धुळ्याला सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बायकोला तीन आठवड्यांसाठी जावं लागलं. निघण्याआधी ती भिंतीशी उभी राहिली, कोपर वाकवलं, जमिनीपासून कोपराच्या चार बोटं खालपर्यंत एक सुतळी धरली, वर गाठ मारली, खाली गाठ मारली आणि ती सुतळी खुंटीला अडकवली. "नानांना हे माप द्या," ती म्हणाली. नाना म्हणजे आमचे मिस्त्री, धुळे तालुक्यातले, साठीच्या पुढचे. रिक्षात बसल्यावरही तिने मान बाहेर काढून सांगितलं, "सुतळी विसरू नका हं."

मी विसरलो नाही. मी ती वापरली. घरातली एकही वस्तू वाया जाऊ द्यायची नाही या जोशात मी जुन्या वह्या आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला. बांधायला प्लास्टिकची दोरी होती, पण प्लास्टिक मला चालत नव्हतं. खुंटीवर अस्सल तागाची सुतळी दिसली. रद्दीवाला गठ्ठा घेऊन गेला तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं.

त्याच दिवसांत मी आणखी एक काम केलं. आता पाटाची गरज उरणार नाही म्हणून सुताराकडून तो कापून घेतला आणि मसाल्याच्या बरण्यांसाठी त्याची फळी करून भिंतीला ठोकली. पितळी फुल्या समोर दिसतील अशी. ती आल्यावर फळी पाहून किती खूश होईल, याची चित्रं मी रंगवत होतो.

चौथ्या दिवशी नानांनी विचारलं, "भाऊ, वहिनीनं माप कोठे शे?"

मी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. बायकोला फोन करून परत माप विचारणं दोन मिनिटांचं काम होतं. पण सुतळी रद्दीत दिली हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्यापेक्षा मला अंदाज सोपा वाटला. अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोची उंची माहीत नसेल का? स्वयंपाकघरात तिच्याशेजारी उभं राहून मी हजारदा चहा मागितला होता. तिचं डोकं कुठे यायचं ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

"ती माझ्या कानाला लागते," मी ठामपणे सांगितलं.

नानांनी माझ्या कानाला बोट लावलं, मनात काहीतरी वजा केलं, कोळशाने रेघ मारली आणि दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहत राहिले. "माले तं जुना ओटा बी इतलाच व्हता असं वाटस."

"नाना, भिंतीचा रंग बदलला की नजर फसते," मी म्हणालो. जुना ओटा तोपर्यंत मीच उत्साहाने फोडून टाकला होता, त्यामुळे पडताळा घ्यायची सोय नव्हती. नानांनी खांदे उडवले आणि कामाला लागले.

पुढचे दिवस मुंगळ्यांशी लढण्यात गेले. गिलाव्यात गूळ किती घालावा याचं प्रमाण मी स्वतःच्या अकलेने ठरवलं होतं, आणि निम्म्या कॉलनीचे मुंगळे आमच्या श्वास घेणाऱ्या भिंतीवर जेवायला आले होते. नाना म्हणाले, "भाऊ, तुम्ही भिंत कयी का शिरा कया?" पण एकंदर स्वयंपाकघर देखणं झालं. काम आटोपून नाना पुतणीच्या लग्नासाठी गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आली.

तिने पिशव्या दारातच ठेवल्या. भिंतीवरून हात फिरवला, पडदा पाहिला, बोर्डाची कपाटं उघडून मिटली. चेहरा खुलला होता. मग ती ओट्यापाशी गेली, परात ठेवून भाकरी थापायची असावी तसे दोन्ही हात तिने कडप्प्यावर टेकवले. कोपरं वर आली, पार खांद्यांजवळ. ती तशीच थांबली. मग सवयीने तिच्या पायाने खाली पाट चाचपला. पाट नव्हता. आणि तरी मूर्खासारखं मी भिंतीकडे बोट दाखवून म्हणालो, "त्याची फळी केली, बघ."

ती रागावली की अहिराणीत येते. "बठ्ठी, सगळी दुनिया देखी तुम्ही," ती म्हणाली, "मना पायखालना पाट नही देखा." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग मला सुतळीचं सांगावं लागलं, आणि कानाचंही. "मी पाटावर असायचे तेव्हा लागत असेन तुमच्या कानाला," ती म्हणाली. रस्त्याने चालताना कुठे लागते ते मी आठवून पाहिलं. आठवेना. रस्त्याने मी नेहमी चार पावलं पुढे असतो.

मी ओटा लगेच फोडायला निघालो. तिने घण काढून घेतला. "नाना येईपर्यंत हात लावायचा नाही. तुमच्या हाताने झालं तेवढं पुष्कळ झालं." ती खुर्ची घेऊन खिडकीशी बसली, दुखरा पाय मुढ्यावर ठेवला, आणि म्हणाली, "ओटा तुमच्या कानाच्या मापाचा आहे ना? मग तुम्हीच करा स्वयंपाक."

नाना यायला पंधरा दिवस लागले. तेवढ्यात मी भरताची वांगी इतकी भाजली की देठच काय ते उरले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे थापता थापता तीन तुकडे व्हायचे, आणि बायको ते निमूटपणे खायची. तिच्या सूचना खुर्चीतून यायच्या, कमी शब्दांत. दहाव्या दिवशी एक भाकरी फुगली. मी तिला हाक मारून दाखवली तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता एवढा आनंद झाला.

नाना आले. या वेळी त्यांनी मला विचारलंच नाही. "वहिनी, कोपर," एवढंच म्हणाले. तिने पाय जमिनीवर सपाट टेकवून कोपर वाकवलं. नवी रेघ ओट्याच्या पुरती वीतभर खाली आली.

"बठ्ठा उतारू?" नानांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. "कडप्पा दोन तुकड्यांत शे ना? मंग अर्धा उतारा. अर्धा तसाच ऱ्हाऊ द्या. तठे हे भाकरी करतीन."

आता आमचा ओटा मध्ये पायरी असलेला आहे. येणारे-जाणारे विचारतात, ही काही पर्यावरणातली नवी पद्धत आहे का? पूर्वी मी तासभर उत्तर दिलं असतं. ओटा उतरला त्या संध्याकाळी आम्ही दोघं पहिल्यांदा शेजारी उभे राहिलो, ती तिच्या बाजूला फोडणी देत आणि मी माझ्या बाजूला पीठ मळत. काहीतरी विचारायला मी सवयीने कानाच्या उंचीवर पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. खाली पाहिलं तेव्हा ती दिसली, अनवाणी, दोन्ही पाय फरशीवर टेकलेली, पाठ सरळ. मला स्वतःची फार लाज वाटली.

ती माझ्या खांद्याला लागते.