शालिकभाऊंच्या आजाचे मासे

शालिकभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांनीच धरून दिलेल्या माशांचे आकडे पुन्हा तपासत होते... वर्षभर मी त्यांना भेटायला जाईन जाईन म्हणत होते.

मी मूळची गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची. डीएनएमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बदल किती वेगानं साचतात, त्याचं संख्याशास्त्रीय गणित मांडणं हे माझं काम. आमच्याच जिल्ह्याच्या जंगलात एका डोंगराच्या दोन अंगांना दोन नाले आहेत. तिथले मासे हजारो वर्षं एकमेकांपासून वेगळे राहिले, असं मी धरून चालले होते. त्यांच्यातले फरक मोजले, त्यांना वर्षांनी भागलं, की वेग मिळतो. मासे धरून द्यायला तिथल्याच गावचे शालिकभाऊ होते. एकदा बादली खाली ठेवत ते म्हणाले, "बाई, हे मासे अलग नाई जी. दुकाळात हा नाला आटला, तवा माह्या आजानं तिकडचे मासे मडक्यात भरून इथी आणून सोडले."

मी हसून सोडून दिलं. ऐकीव गोष्ट गणितात कुठे बसवायची?... खरं तर बसवता आली असती, पण दोन वर्षांचं काम मोडलं असतं. फरक फारच थोडे निघाले, तेव्हाही मी थांबले नाही. बदलाचा वेगच अतिशय संथ आहे, असा शोधनिबंध छापून मोकळी झाले. त्याची प्रत द्यायला गेले, तर त्यांनी विचारलं, "आजाचं लिवलं ना?"

"हो," मी म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

पुढे दुसऱ्या संशोधकांनी याच जातीच्या माशांचे आईबाप आणि पिल्लं थेट ताडून पाहिली. वेग पुष्कळ जास्त निघाला. आजाची गोष्ट गणितात घातल्यावर माझेही आकडे जुळले. तरी जायचं मी लांबवतच राहिले.

तेरवीनंतर गेले. त्यांची बायको, सिंधूबाई, छपरीत तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याईले मालूम होतं. मास्तरकडून वाचून घेतलं होतं."

"मग मला बोलले का नाहीत?"

"म्हनत, बाई येईन तवा बाईच सोताहून सांगन."

शोधनिबंधाची दुरुस्ती छापायची होती, तीत लिहायला मी आजाचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते मला माहीतच नव्हतं. "सुकरू," त्या म्हणाल्या. आतल्या कोनाड्यात नमुन्यांच्या माझ्या रिकाम्या बाटल्या होत्या... शालिकभाऊंनी धुऊन, पुढच्या खेपेसाठी उपड्या घालून ठेवलेल्या.