माहेरून येईपर्यंत

"तोंड काय दाखवते, पाय दाखव वं."

आमच्या कोहका वस्तीत गरोदर बायका आणि तान्ही लेकरं बघणारी जी मितानिन, म्हणजे इकडची आशाताई, होती, तिचं पहिलं वाक्य हेच. मग उकिडवी बसून घोट्याजवळ अंगठा दाबायची आणि सूज किती ते बघत राहायची. खड्डा लगेच भरला तर हसायची. नाही भरला तर पदर खोचायची.

तुमच्याही गल्लीत अशी कोणी असेल. दुरून साधीच दिसते. मलाही दिसली होती.

बायकोला आठवा लागला होता. डोकं दुखतं म्हणायची. मी म्हणायचो, "सगळ्यायचंच दुखते." मितानिन आली तेव्हा मी दारातच सांगितलं, "माहेरी गेली. पहिलं बाळंतपण ना." बायको आत पोळ्या लाटत होती.

खोटं कशाला बोललो? मितानिनीची जात आईनं आधीच काढून ठेवली होती. आणि हथखोजच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून मला वाटे, मितानिन झोपडीतल्यांसाठी असते. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

"कोणतं गाव?" तिनं विचारलं. सांगावं लागलं.

आठवड्यानं पुन्हा हजर. "भाऊ, तिथल्या मितानिनीले फोन लावला. बाई पोहोचलीच नाही म्हणते. कावून?" तिची नजर पायरीवरच्या बायकी चपलांवर होती. ती तिथंच बसली.

"बसते मी. माहेरून येईपर्यंत. चहा मांडा."

आईच्या कपाळाला आठ्या. शेवटी बायकोच बाहेर आली. अंगठ्याचा खड्डा भरला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मितानिनीवरच बरसल्या, "इतने दिन क्या कर रही थी?"

"मुझसे छूट गया, मॅडम." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी केसपेपरची घडी घालत राहिलो.

लेक झाली, ओंजळीएवढी. मितानिन रोज येऊन तिला ऊब मिळावी म्हणून बायकोच्या उघड्या छातीशी बांधून द्यायची. दहाव्या दिवशी माझ्या आईनं आपणहून मितानिनीला चहा दिला, घरातल्या कपात.

"साखर कमी हाय, आजी."

लेक आता सायकलनं शाळेत जाते.

गेल्या महिन्यात मितानिन वारली. तिच्या मातीहून आलो आणि बायकोला दारातलं ते खोटं सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती.

"ऐकलं होतं मी आतून."

"मंग बोलली कावून नाही?"

"आई होत्या ना समोर." तिनं एक काडी मोडली. "माझ्या चपला आतल्या रॅकवर राहत होत्या. त्या पायरीवर कशा आल्या, हे तुम्ही कधी इचारलंच नाही. मी ठेवत होती. रोज."