वाट बघ, नाहीतर वाट लागेल

"वाट बघितलीस का? नाही? मग लागली वाट!"

शेजारच्या लॅबमधून ही आरोळी आली की माझ्या डेटाबेसच्या लेक्चरचे बारा वाजायचे. मरोळच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमची लॅब एक मॅडम घ्यायच्या. तुम्हीही पाहिलं असेल असं माणूस, ज्याला खुर्ची टोचते. बाई लिफ्टसाठी थांबायच्या नाहीत, चहाही उभ्याउभ्या घशात ओतायच्या.

आणि शिकवायच्या काय? तर थांबायला! एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देतो, म्हणजे आई आणि पोर. पोराचं काम संपेपर्यंत आईने वाट बघायची, मग त्याची विचारपूस करायची, तेव्हा ते सुटतं. नाही केली, तर भूत होऊन मशीनमध्ये लटकून राहतं. अशी भुतं साठली की मशीन बंद पडतं. लॅबमधली मुलं घाबरली की मॅडम म्हणायच्या, "पाड रे मशीन, मी आहे ना!"

प्रिन्सिपॉल वैतागले. "मॅडम, व्हिडिओ दाखवा की. मशीनं तरी टिकतील."

"सर, व्हिडिओ बघून भाकरी थापता येते का?"

लॅब बंद करायचं ठरलंच. मॅडमनी खूप भांडून पाहिलं, मग राजीनामा दिला. मला तर कोणी हात तोडल्यासारखं झालं, खरंच सांगतो.

शेवटच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांचं झालं, एका मुलीचं अडलं. दुसऱ्या दिवशी मशीन उचलणार होते, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. मॅडमनी पर्स खांद्याला लावली. "निघते गं. घरी बघ."

तिने मान वर केली नाही. "मॅडम, पोर अजून आत आहे. वाट बघा ना."

मी दारात होतो. मॅडमनी पर्स ठेवली, खुर्ची ओढली आणि चक्क बसल्या. पाय मात्र सारखा हलत होता. मशीन पडलं. "पडू दे, परत लाव." परत पडलं. त्या उठल्या नाहीत.

"झालं, मॅडम!"

स्क्रीनवर एकही भूत नव्हतं. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सुटलीस गं बाई," म्हणाल्या आणि तरातरा जिना उतरून गेल्या.

आता त्या लॅबमध्ये व्हिडिओचा पडदा लावलाय. मुलं व्हिडिओ बघतात, पडायला मशीनच नाही. माझं लेक्चर कसं बिनबोभाट चालतं. तरी मेलं चैन पडत नाही. शिकवता शिकवता मध्येच थांबतो, भिंतीकडे कान लावतो आणि वाट बघतो.