सहीपुरती शहाणी

सोफे-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या त्या बाईला तिचा धाकटा भाऊ चारचौघांत "आमची वेडी" म्हणायचा आणि तोंडावर "ताई". असल्या गोडबोल्यांना देव वाचा कशाला देतो कोण जाणे!

ती आजारी पडायची, हे खरं. काही वर्षांनी एकदा डोकं फिरायचं, झोप उडायची, दवाखान्यात राहावं लागायचं. पण बरी असली की तिच्या हाताला तोड नव्हती. दातांत बारीक खिळे धरून ती खुर्चीवर कापड असं ताणून ठोकायची की सुरकुती औषधालाही सापडू नये. हे सगळं भावाच्या जिन्याखाली, त्याची बोलणी खात. आता तिला दुकान हवं होतं. भाड्याचं का असेना, स्वतःच्या नावावर.

करार करायला ती दुकानाच्या मालकिणीकडे गेली, तर भाऊ आधीच तिथे ठाण मांडून बसलेला.

"काकू, हिच्याशी करार करू नका," तो म्हणाला. "वेड्या माणसाची सही कायद्यात चालत नाही. उद्या कपाळाला हात लावून बसाल."

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. पण ती गप्प राहिली. ओरडली असती तर मेल्याला तेच हवं होतं.

मालकीणही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "वकिलाला विचारलंय मी. डोकं ठिकाणावर नसताना सही केली तर करार फुकट. बरी असताना केली तर पक्का. आज तर ही चांगली दिसतेय."

ताईला हे नवीन होतं. तिने ते मनात नीट घोळवलं.

"हिचा काय भरवसा!" भाऊ पेटला. "दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात मलासुद्धा ओळखत नव्हती!"

"खरंय," ताई म्हणाली. "आणि त्याच खाटेवर तू माझी सही घेतलीस. वडिलांच्या घरातला माझा हिस्सा तुला सोडल्याची."

भावाचा चेहरा पडला. "तेव्हा... तेव्हा तू अगदी बरी होतीस, ताई."

"आत्ताच म्हणालास ना, तुला ओळखत नव्हते?"

मालकिणीने पेन पुढे सरकवलं. ताईने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

भाऊ उठला. आवाजात एकदम साखर पेरली. "ताई, परक्यांपुढे कशाला हे? घरी चल, घरी बोलू."

"कुणाच्या घरी रे?" तिने विचारलं.